वायू कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिसेंबर सरत आला की नागपुरातल्या ज्युनियर कॉलेजांच्या केमिस्ट्री लॅबमध्ये गर्दी वाढते. बोर्डाचं प्रॅक्टिकल तोंडावर आलेलं असतं आणि सॉल्ट ॲनालिसिसमध्ये, म्हणजे दिलेला क्षार कोणता ते ओळखताना, ‘वायू कोणता सुटला’ इथेच गाडी अडते. खालचे बहुतेक प्रश्न विद्यार्थ्यांचे आहेत, काही त्यांच्या आईवडिलांचे, दोन-तीन शाळेत विज्ञान शिकवणाऱ्यांचे. ज्यावर गोंधळ जास्त होतो, त्यावर जास्त लिहिलं आहे.

टेस्ट ट्यूबमधून वायू सुटतोय. सगळ्यात आधी काय करू?

आधी बघा. काडी नंतर पेटवा. परीक्षानळीमागे पांढरा कागद धरला की फिका रंगही कळतो: तपकिरी, हिरवट पिवळा, जांभळा की बिनरंगी. त्यानंतर वास, मग ओला लिटमस (निळा आणि लाल दोन्ही), आणि या तिन्हींवरून जो संशय येईल त्याची खास चाचणी.

हा क्रम सांगण्यामागे कारण आहे. वायूची कोणतीही एक खूण एकट्या त्या वायूची नसते. चुन्याची निवळी दुधाळ करणारे दोन वायू आहेत, निखारलेली काडी पेटवणारे दोन आहेत, डायक्रोमेटचा कागद हिरवा करणारे दोन आहेत, स्टार्च-आयोडाइडचा कागद निळा करणारे तर चार-पाच. म्हणून एक चाचणी जमली की ‘हा यांपैकी कुणीतरी’ एवढंच म्हणता येतं. दुसरी चाचणी बाकीच्यांना बाद करण्यासाठी असते, आणि मार्क तिथेच असतात.

वास घ्यायचा म्हणजे नळी नाकाला लावायची का?

नाही. नळी चेहऱ्यापासून हातभर लांब, नळीचं तोंड कुणाच्याही दिशेला नको, आणि मोकळ्या हाताने हवा नाकाकडे ओढायची. एकदाच, हलका श्वास. ‘सर, काहीच वास नाही येऊन राहिला’ म्हणत दुसऱ्यांदा खोल श्वास घेणारे दरवर्षी निघतात. वास आला नाही तर ‘वास नाही’ असं लिहा आणि पुढे चला, पुढच्या चाचण्या त्यासाठीच आहेत. क्लोरीन, ब्रोमीन आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांचा रंगच बोलका असतो, त्यांचा वास घेण्याची गरज नाही.

जळती काडी कधी आणि निखारलेली काडी कधी?

जळती काडी हायड्रोजनसाठी. निखारलेली काडी, म्हणजे ज्योत विझवून टोक लालबुंद ठेवलेली, ऑक्सिजनसाठी. हायड्रोजन स्वतः जळतो, ऑक्सिजन जळायला मदत करतो. एवढं डोक्यात बसलं की काडी चुकत नाही.

जळती काडी विझली तर? बहुतेक जण लगेच ‘कार्बन डायऑक्साइड’ लिहून मोकळे होतात. नायट्रोजननेही काडी विझते, आणि वायू तयार करताना उडालेल्या पाण्याच्या वाफेनेही विझते. काडी विझणं ही ओळख नाही.

निखारलेली काडी पेटली, तरी ती नायट्रस ऑक्साइडमुळे पेटलेली असू शकते, कारण तापल्यावर तोही फुटून ऑक्सिजन देतो. मँगनीज डायऑक्साइड घातलेल्या हायड्रोजन पेरॉक्साइडमधून आलेल्या वायूबद्दल हा संशय घ्यायचं कारण नाही. पण व्हायवात (तोंडी परीक्षेत) कुणी विचारलंच, तर फरक असा: ऑक्सिजन नायट्रिक ऑक्साइडशी भेटला की लगेच तपकिरी धूर होतो, नायट्रस ऑक्साइडने होत नाही.

हायड्रोजनचा ‘फट्’ आवाज आला नाही. प्रयोग फसला का?

बहुधा वायू फार शुद्ध होता! आवाज होतो तो हायड्रोजन आणि हवा यांच्या मिश्रणाचा. हवेत हायड्रोजनचं प्रमाण साधारण ४ टक्के ते ७५ टक्क्यांच्या दरम्यान असलं की मिश्रण पेट घेतं. नळी काठोकाठ निव्वळ हायड्रोजनने भरली असेल, तर तो तोंडाशी शांतपणे जळत राहतो आणि ज्योत इतकी फिकी असते की दिवसाउजेडी दिसतही नाही. नुकतीच सुरुवात झाली असेल, तर वायू पुरेसा साठलेलाच नसतो. नळीच्या तोंडावर अंगठा काही क्षण ठेवा, दाब जाणवला की अंगठा काढून काडी न्या.

जस्ताचे खडे ढिम्म पडून असतील, तर कॉपर सल्फेटच्या द्रावणाचे एक-दोन थेंब टाका. जस्तावर तांब्याचा पातळ थर बसतो आणि बुडबुडे जोरात सुटू लागतात. जस्त फार शुद्ध असलं की ते संथ असतं, त्यात नळीचा काही दोष नाही.

एक महत्त्वाचं: आम्ल विरलच हवं. संहत सल्फ्युरिक आम्ल जस्तावर टाकून गरम केलं, तर हायड्रोजनऐवजी सल्फर डायऑक्साइड निघतो, आणि नायट्रिक आम्ल वापरलं तर नायट्रोजनची ऑक्साइडं. बाटलीवरची चिठ्ठी वाचायला दोन सेकंद लागतात.

चुन्याची निवळी दुधाळ झाली, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच ना?

नाही, सल्फर डायऑक्साइडही निवळी दुधाळ करतो. कार्बन डायऑक्साइडमुळे कॅल्शियम कार्बोनेट तयार होतं, सल्फर डायऑक्साइडमुळे कॅल्शियम सल्फाइट. दोन्ही पांढरे, दोन्ही न विरघळणारे. त्यावरची कडी म्हणजे वायू जास्त वेळ सोडत राहिलात तर दोन्ही वेळा दुधाळपणा जातो आणि निवळी परत स्वच्छ होते, कारण बायकार्बोनेट आणि बायसल्फाइट दोन्ही पाण्यात विरघळतात. ‘जास्त वायू सोडल्यावर निवळी स्वच्छ झाली, म्हणून कार्बन डायऑक्साइड’ हे जर्नलमध्ये वर्षानुवर्षं उतरवलं जाणारं वाक्य अर्धंच खरं आहे.

फरक कळतो तो असा. सल्फर डायऑक्साइडला गंधक जाळल्यासारखा झोंबणारा वास असतो, कार्बन डायऑक्साइडला वास नसतो. आम्लयुक्त पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये भिजवलेली गाळणकागदाची पट्टी सल्फर डायऑक्साइडसमोर नारिंगीची हिरवी होते, कार्बन डायऑक्साइडसमोर नारिंगीच राहते. शिवाय कार्बोनेटवर विरल आम्ल पडलं की गरम न करताच सळसळून फेस येतो. सल्फाइटला थोडी ऊब द्यावी लागते.

क्षारात कार्बोनेट आणि सल्फाइट दोन्ही असतील तर?

हा प्रश्न फार थोडे विचारतात, आणि तो विचारणाऱ्याला विषय कळलेला असतो. वायूंचं मिश्रण थेट निवळीत सोडलं तर काहीच निष्पन्न होत नाही. म्हणून वायुवाहक नळी आधी आम्लयुक्त डायक्रोमेटच्या द्रावणातून न्यायची. तिथे सल्फर डायऑक्साइड शोषला जातो आणि द्रावण हिरवं होत जातं. पहिला वायू तिथल्या तिथे सिद्ध झाला. डायक्रोमेट भरपूर ठेवा, म्हणजे शेवटपर्यंत थोडा नारिंगी रंग उरला पाहिजे. तो संपला की सल्फर डायऑक्साइड पुढे निसटतो. त्यातून पार झालेला वायू मग निवळीत न्या. आता निवळी दुधाळ झाली, तर कार्बन डायऑक्साइड आहे असं ठामपणे म्हणता येतं.

निवळी घरी किंवा शाळेत कशी बनवू? आमची लवकर खराब होते.

नागपुरात चुन्याला तोटा नाही, खर्ऱ्याच्या टपरीवर मिळणारा ओला चुना चालतो. उकळून गार केलेल्या एक लिटर पाण्यात चमचाभर चुना ढवळा, बाटली घट्ट बंद करून रात्रभर ठेवा आणि सकाळी वरचं नितळ पाणी हलकेच दुसऱ्या बाटलीत ओता. पाणी उकळायचं, कारण नळाच्या पाण्यातला विरघळलेला कार्बन डायऑक्साइड आणि क्षार निवळीला आधीच गढूळ करतात. चुना पाण्यात तसाही फारसा विरघळत नाही, लिटरला दीड ग्रॅमच्या आसपास. पाणी तापलं की तो आणखी कमी विरघळतो, बहुतेक क्षारांच्या उलट. म्हणून एप्रिल-मेमध्ये बनवलेली निवळी जरा कमजोर निघते.

ती खराब होते ती हवेमुळे. झाकण उघडं राहिलं की पृष्ठभागावर कॅल्शियम कार्बोनेटची पातळ साय धरते. बाटली काठोकाठ भरा, रबरी बूच लावा, आणि वापरण्याआधी स्ट्रॉने फुंकर मारून तपासा. काही फुंकांत दुधाळ झाली नाही, तर टाकून द्या. स्ट्रॉने फुंकायचंच, ओढायचं नाही. आणि चुना डोळ्यात गेला तर बुबुळाला इजा होते, तेव्हा लहान मुलांकडून ढवळून घेऊ नका.

कुजक्या अंड्यासारखा वास आला. आणखी काही करायची गरज आहे का?

आहे, पण थोडीच. लेड ॲसिटेटमध्ये भिजवलेली पट्टी नळीच्या तोंडाशी धरली की ती काळी, चकाकत्या काळ्या रंगाची होते. तो लेड सल्फाइड. हायड्रोजन सल्फाइडही डायक्रोमेटची पट्टी हिरवी करतो, म्हणून सल्फर डायऑक्साइड आणि हा यांच्यात डायक्रोमेट निवाडा देऊ शकत नाही. लेड ॲसिटेट देतो, सल्फर डायऑक्साइडने ती पट्टी काळी पडत नाही.

हायड्रोजन सल्फाइडच्या बाबतीत नाकावर भरवसा ठेवू नये. अगदी थोड्या प्रमाणात तो इतका उग्र वास देतो की दहा लाख भागांत एका भागाहूनही कमी असला तरी कळतो. पण १०० भागांच्या आसपास गेला की घ्राणेंद्रियच बधिर होतं आणि वास ‘गेला’ असं वाटतं. वायू मात्र तिथेच असतो, आणि या पातळीला तो जिवावर बेततो.

मग नाग नदीच्या काठाला येणारा वास हाच का?

सांडपाणी साचलेल्या, ऑक्सिजन संपलेल्या गाळात काही जिवाणू सल्फेटचं सल्फाइड करतात आणि त्यातून हा वायू निघतो. काठावरच्या वासात त्याचा वाटा असतोच, सोबत इतर गंधकयुक्त संयुगं आणि अमोनियाही असतो. लेड ॲसिटेटची ओली पट्टी अशा ठिकाणी काही वेळ टांगली, तर हळूहळू तपकिरी पडते. घरातली चांदीची भांडी काळी पडण्यामागे हेच रसायन आहे.

उघड्या नदीकाठापेक्षा बंद गटार कितीतरी धोक्याचं. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा थोडा जड असल्याने मॅनहोलच्या तळाशी साठतो. सोबत मिथेन, आणि ऑक्सिजनची कमतरता. वायुमापक खाली सोडून वाचन घेतल्याशिवाय आणि श्वसनयंत्राशिवाय कुणालाही आत उतरवू नये. गटारात माणसाला संरक्षक साधनांविना उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पेटती काडी किंवा कंदील खाली सोडून हवा ‘तपासणं’ हा तर आत्मघात आहे, मिथेन असेल तर स्फोट होईल.

तपकिरी वायू सुटला. नायट्रेट लिहू की ब्रोमाइड?

बोर्डाच्या परीक्षेत सर्वांत जास्त घोळ इथे होतो, म्हणून सावकाश बघू.

संहत सल्फ्युरिक आम्लाने नायट्रेटमधून नायट्रोजन डायऑक्साइड येतो: तपकिरी, सुरुवातीला बराच फिका. नळीत तांब्याचे तुकडे टाकले की रंग गडद होतो आणि द्रावण निळसर-हिरवं दिसू लागतं. ब्रोमाइडमधून ब्रोमीनची वाफ येते, ती लालसर तपकिरी असते आणि मँगनीज डायऑक्साइडची चिमूट टाकली की वाढते. कागदावर हे सोपं दिसतं. प्रत्यक्ष नळीत दोन्ही तपकिरी रंग सारखेच वाटतात.

म्हणून स्टार्चची ओली पट्टी घ्या, नुसत्या स्टार्चची, आयोडाइड न घातलेली. ब्रोमीनने ती पिवळसर-नारिंगी होते, नायट्रोजन डायऑक्साइडने तसं काही होत नाही. उलट फेरस सल्फेटच्या ताज्या द्रावणात भिजवलेली पट्टी नायट्रोजन डायऑक्साइडने काळपट तपकिरी पडते. स्टार्च-आयोडाइडची पट्टी मात्र इथे कामाची नाही, दोन्ही वायू तिला निळी करतात.

यात आणखी एक गाठ आहे. संहत सल्फ्युरिक आम्ल ब्रोमाइडला ऑक्सिडाइझ करताना स्वतः सल्फर डायऑक्साइडमध्ये बदलतं. त्यामुळे ब्रोमाइडच्या नळीवर डायक्रोमेटची पट्टी धरलीत तर ती हिरवी होऊ शकते, आणि मूल गोंधळून सल्फाइट लिहून बसतं. आयोडाइडचं तर याहून मजेशीर: जांभळी वाफ सुटते, तिने स्टार्चची पट्टी निळी होते, आणि वर कुजक्या अंड्याचा वासही येऊ शकतो, कारण आयोडाइड आम्लाला पार हायड्रोजन सल्फाइडपर्यंत खाली आणतं. याचा अर्थ क्षारात सल्फाइड आहे असा नाही. वायू क्षारातून आला की आम्लातून, हे विचारायची सवय लागली की निम्मे घोळ आपोआप सुटतात. सल्फाइट आणि सल्फाइडची शहानिशा विरल आम्लाच्या चाचणीतच उरकून घ्यायची, ती याचसाठी.

नायट्रेटसाठी शेवटी रिंग टेस्ट (फेरस सल्फेट आणि संहत सल्फ्युरिक आम्लाने तपकिरी कडं येण्याची चाचणी) कराच. ब्रोमाइड, आयोडाइड सोबत असतील तर तीही फसवते, हे लक्षात असू द्या.

क्लोराइडच्या चाचणीत पांढरा धूर येतो, पण तो हायड्रोजन क्लोराइडचाच कशावरून?

अमोनियात बुडवलेली काचकांडी नळीच्या तोंडाशी नेली की अमोनियम क्लोराइडचा दाट पांढरा धूर होतो. हायड्रोजन ब्रोमाइडनेही असाच धूर होतो. म्हणून मूळ द्रावणाची सिल्व्हर नायट्रेटची चाचणी लागते: क्लोराइडचा पांढरा साका अमोनियात सहज विरघळतो, ब्रोमाइडचा फिका पिवळा जेमतेम, आयोडाइडचा पिवळा विरघळतच नाही.

लॅबच्या शेल्फवरच्या बाटल्यांच्या गळ्याशी साचलेली पांढरी भुकटी पाहिली असेल. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि अमोनिया शेजारी ठेवले की दोघांच्या वाफा हवेत भेटतात आणि अमोनियम क्लोराइड आजूबाजूच्या सगळ्या बाटल्यांवर बसतो. ती धूळ नव्हे. दोन्ही बाटल्या वेगळ्या कपाटांत ठेवा, नाहीतर काचकांडी नेण्याआधीच तोंडाशी धूर दिसेल आणि निरीक्षण चुकेल.

क्रोमिल क्लोराइडची चाचणी खात्रीची आहे. पण तिच्यात सहा संयुजेच्या क्रोमियमची विषारी वाफ निघते, आणि ज्या लॅबमध्ये चालू फ्यूम हूड (विषारी वाफा बाहेर ओढणारं कपाट) नाही तिथे ती करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सिल्व्हर नायट्रेटवर भागतं.

अमोनियाची चाचणी सगळ्यांत सोपी म्हणतात, तरी माझा लाल लिटमस निळा का होत नाही?

पट्टी कोरडी असणार. अमोनिया पाण्यात विरघळून आम्लारी होतो, कोरड्या कागदावर त्याला विरघळायला काही नसतं. नागपूरच्या कोरड्या हवेत, विशेषतः पंखा चालू असताना, भिजवलेली पट्टी बोलता बोलता सुकते. पट्टी भिजवून लगेच न्या. पंखा बंद केला तर ज्योतही स्थिर राहील.

उलट चूक जास्त वाईट: पट्टी निळी होते, पण अमोनियामुळे नाही. सोडियम हायड्रॉक्साइड घालून नळी उकळली की बारीक तुषार वर उडतात, आणि पट्टी नळीच्या कडेला टेकली असेल तर हायड्रॉक्साइडनेच निळी होते. अमोनियम नसलेल्या क्षारातही! पट्टी चिमट्यात धरून तोंडाच्या वर, कडेला न टेकवता ठेवा. अमोनियाने ती सगळीकडे एकसारखी निळी होते, तुषारांनी ठिपके ठिपके. नळी जवळ आणल्याआणल्या त्या ठिपक्यांवरून चूक पकडता येते. पुष्टीसाठी हायड्रोक्लोरिक आम्लाची काचकांडी आहेच. नेस्लरचा अभिकर्मक फार संवेदनशील, पण त्यात पारा असतो. तो थेंबानेच वापरा.

मे महिन्यात लॅबमध्ये काही वेगळी काळजी घ्यावी लागते का?

लागते. पारा ४५ अंशांवर गेलेला असताना संहत अमोनियाची बाटली सरळ उघडली, तर आत साठलेल्या दाबाने फवारा तोंडावर येतो. उघडण्याआधी बाटली गार पाण्यात ठेवा, मग ओल्या फडक्याखाली झाकण हळू सैल करा, तोंड लांब ठेवून. संहत हायड्रोक्लोरिक आम्लालाही हेच लागू. हायड्रोजन पेरॉक्साइड उन्हाळ्यात हळूहळू फुटतं आणि बाटली फुगते. ते सावलीत, शक्यतो थंडाव्यात ठेवा, आणि ऑक्सिजनचा प्रयोग फिका पडला तर आधी बाटली किती जुनी आहे ते बघा.

संडासात ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकत्र टाकली, तेव्हा घशात जळजळ झाली. काय होतं ते?

क्लोरीन. ब्लीचिंग पावडरवर हायड्रोक्लोरिक आम्ल पडलं की हाच हिरवट पिवळा वायू सुटतो. लॅबमध्ये त्याची खूण अशी: ओला निळा लिटमस आधी लाल होतो आणि मग पांढराफटक पडतो, रंगच उडतो. ही विरंजनाची पायरी हायड्रोजन क्लोराइडमध्ये नसते, तिथे लिटमस लालच राहतो. पुन्हा कागद ओलाच हवा, कोरड्या कागदाचा रंग क्लोरीन उडवत नाही.

घरी असं झालं तर ताबडतोब मोकळ्या हवेत या, दार-खिडक्या उघड्या टाका, बादलीत डोकावू नका. खोकला किंवा धाप थांबत नसेल तर डॉक्टरांकडे जा, कारण फुप्फुसांचा त्रास काही तासांनीही वाढू शकतो.

कार्बन मोनॉक्साइड ओळखायची काही घरगुती युक्ती?

नाही. रंग नाही, वास नाही, लिटमसवर परिणाम नाही, निवळीवर परिणाम नाही. लॅबमध्ये ऑक्झलेटवर संहत सल्फ्युरिक आम्ल घालून गरम केलं की तो कार्बन डायऑक्साइडसोबत निघतो आणि तोंडाशी निळ्या ज्योतीने जळतो. निवळी दुधाळ होते ती कार्बन डायऑक्साइडने. पॅलेडियम क्लोराइडचा ओला कागद त्याच्यामुळे काळपट पडतो, पण तो कागद कुणाच्या बाथरूममध्ये नसतो.

आणि धोका तिथेच आहे. डिसेंबर-जानेवारीत नागपुरात थंडी कडाक्याची पडते. बंद बाथरूममधला गॅस गिझर, बंद खोलीतली कोळशाची शेगडी यांत ऑक्सिजन अपुरा पडून हा वायू तयार होतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पटीने घट्ट पकडतं. डोकं दुखणं, मळमळ, गुंगी ही लक्षणं थंडीतापासारखी वाटतात, म्हणून उशीर होतो. गिझर बाथरूमच्या बाहेर बसवा किंवा हवा येण्याजाण्याची वाट ठेवा, आणि इलेक्ट्रोकेमिकल सेन्सरचा अलार्म लावा.

स्वयंपाकाच्या गॅसला मग वास कसा येतो?

प्रोपेन-ब्यूटेनला जाणवण्यासारखा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात एथिल मर्कॅप्टन मिसळतात. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून फरशीलगत पसरतो. गळती असेल तर रेग्युलेटर बंद, दार-खिडक्या उघड्या, विजेचं कुठलंही बटण चालू नाही आणि बंदही नाही. तक्रारीसाठी १९०६ हा क्रमांक आहे. सांधा तपासायचा तर साबणाच्या पाण्याने, काडीने कधीच नाही.

बर्डीवरून (सीताबर्डीच्या बाजारातून) एमक्यू-१३५ हा वायू टिपणारा सेन्सर आणला. प्रदर्शनात ‘अमोनिया मापक’ म्हणून दाखवू का?

‘अमोनिया’ शब्द काढा. या सेन्सरमध्ये तापवलेला टिन डायऑक्साइडचा थर असतो. त्याच्या पृष्ठभागावरच्या ऑक्सिजनशी वायूची गाठ पडली की थराचा विद्युतरोध बदलतो. पण तो अमोनिया, अल्कोहोल, बेंझिन, धूर अशा अनेकांना प्रतिसाद देतो, आणि आर्द्रता-तापमानानेही हलतो. सॅनिटायझर लावलेला हात जवळ नेला तरी आकडा चढतो. परीक्षकाने तेच केलं तर? ‘हवेत काहीतरी बदल झाला हे दाखवणारं यंत्र’ असं मांडा आणि तो दोष स्वतःच प्रयोग करून दाखवा. माझ्या मते तेवढ्यानेच प्रकल्प उजवा ठरतो. वापरण्याआधी सेन्सर बराच वेळ तापू द्या. नव्या सेन्सरला तर दिवसभर.

मोठ्या प्रयोगशाळा हे सगळं कसं करतात?

त्यासाठी लांब जायला नको. वर्धा रोडवरची नीरी, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ मध्ये केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था म्हणून सुरू झाली, १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. हवा आणि पाणी यांचं मापन हाच तिचा धंदा. गॅस सिलिंडर आणि स्फोटकांचे नियम बघणाऱ्या पेसोचं मुख्यालयही नागपुरातच, आणि राष्ट्रीय अग्निशमन महाविद्यालयही.

पद्धती अनेक. गॅस क्रोमॅटोग्राफी मिश्रणातले वायू वेगळे काढते, मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाचं वजन सांगतो. इन्फ्रारेड मापक कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या किरणांच्या शोषणावरून मोजतो. हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन हे किरण शोषत नाहीत, त्यामुळे तिथे ही युक्ती चालत नाही.

विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगतो ते मात्र वेगळं. कोराडी किंवा खापरखेड्याच्या वीजकेंद्रांसारख्या कोळशाच्या चिमण्यांमधून निघणारा सल्फर डायऑक्साइड हवेत मोजायची एक प्रमाणित पद्धत रंगाचीच आहे. १९५६ च्या वेस्ट-गेके पद्धतीत हवा शोषक द्रावणातून ओढतात, पॅरारोझॅनिलीनने जांभळट रंग आणतात आणि ५६० नॅनोमीटरला तो किती गडद आहे ते मोजतात. आपल्याकडे निवासी भागात चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटरला ८० मायक्रोग्रॅम आहे. नळीच्या तोंडाशी डायक्रोमेटची पट्टी हिरवी होताना बघणाऱ्याला यातलं तत्त्व समजवावं लागत नाही.

नायट्रोजनची चाचणी कोणती?

साधी अशी कोणतीच नाही. सगळ्या चाचण्या नकारार्थी आल्या की नायट्रोजन म्हणतात. या पद्धतीत काय निसटतं ते १८९४ मध्ये कळलं. ब्रिटिश शास्त्रज्ञ रेली यांना हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून बनवलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. त्या अर्ध्या टक्क्यामागे लागून त्यांनी आणि रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी आर्गॉन हा वायू शोधला. तोवर तो ‘नायट्रोजन’ म्हणूनच खपत होता.

जर्नलमध्ये निरीक्षण कसं लिहू?

‘सल्फर डायऑक्साइड सुटला’ हे निरीक्षण नाही, तो निष्कर्ष आहे. निरीक्षणात तुम्ही काय पाहिलं ते लिहा: ‘विरल सल्फ्युरिक आम्ल घालून गरम केल्यावर रंगहीन, झोंबणाऱ्या वासाचा वायू. आम्लयुक्त डायक्रोमेटची ओली पट्टी नारिंगीची हिरवी. लेड ॲसिटेटच्या पट्टीवर बदल नाही.’ हे शेवटचं वाक्य बहुतेक जण गाळतात, आणि हायड्रोजन सल्फाइड तर त्यानेच बाद होतो. बाह्य परीक्षक बरोबर तिथेच बोट ठेवतात.

वापरलेल्या पट्ट्या आणि द्रावणं बेसिनमध्ये टाकली तर चालेल?

लेड ॲसिटेटच्या पट्ट्या, डायक्रोमेट, नेस्लर आणि चांदीचे साके यांच्यासाठी वेगवेगळ्या चिठ्ठी लावलेल्या बाटल्या ठेवा. उरलेलं डायक्रोमेट टाकण्याआधी सोडियम बायसल्फाइटने हिरवं करून घ्या, म्हणजे क्रोमियम कमी घातक रूपात येतं; तरीही ते बाटलीतच साठवायचं. चांदीचा साका तर कुणीही फेकू नये, तो परत मिळवता येतो. निवळी, मीठ आणि विरल आम्लं मात्र भरपूर पाण्यासोबत बेसिनमध्ये गेली तरी चालतात.